दोन रांगा

नवं दालन उघडलं आणि क्लीव्हलँडच्या होलोकॉस्ट संग्रहालयावर शाळांची झुंबड उडाली. संचालिका तमार हात उंचावून, घसा फोडून ओरडत होती. "लहान मुलं डावीकडे, मोठी उजवीकडे! आवरा लवकर!"

नाझींच्या छळछावणीतून वाचलेल्या ब्लूमाआजी मुलांशी बोलायला म्हणून आल्या होत्या. त्या दारातच पांढऱ्याफटक पडल्या. मग काठी टाकून धावल्या आणि डावीकडच्या एका चिमुरडीला ओढून उजवीकडे नेलं. "सोळा वर्षांची आहे म्हणून सांग," त्या तिच्या कानात पुटपुटल्या. "डावीकडे गेलेलं कुणी परत येत नाही."

तमार हात तसाच उंचावलेला ठेवून त्यांच्याकडे धावली. "अहो आजी, मी तमार!"

आजींनी तिच्या उंचावलेल्या हाताकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"होय, साहेब."