फ्लेक्सच्या पाठीवर सुनील

काल्याच्या कीर्तनाला मांडवात पाय ठेवला की जीव आपोआप निवतो. पण त्या सकाळी खोडदच्या मांडवात आमचे गोरक्ष फौजी बुक्का लावून आले आणि स्टेजमागे बघून जागीच थबकले.

मागे भलामोठा फ्लेक्स. निम्म्यावर फौजींचा फोटो, डोक्यावर दोन विमानं, शेजारी रणगाडा, खाली सप्ताह कमिटीची डोकी ओळीनं. आणि कोपऱ्यात, ताटातल्या लोणच्याएवढं, फौजींनी काढलेलं चित्र.

"दादाभाऊ, ह्यातला सुनील कुठंय?"

दादाभाऊचं नारायणगावला फ्लेक्सचं दुकान. सेवा म्हणून त्यानं हौसेनं छापलं होतं.

"माप बसंना, फौजी. मग कडंचा माणूस कापला जरा."

"कडंचा? आरं, चित्रच त्याचं हाय!"

फौजी कारगिलला लढले. लहानपणी मेंढरांमागं हिंडताना खडकांवर कोळशानं चित्रं काढायची सवय, ती पलटणीतही सुटली नाही. गोळीबार थांबला की रेशनच्या खोक्याचा पुठ्ठा फाडायचे आणि डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच काढायचे. त्यातलं हे एक. वरून मशीनगन चाललीय, खडकाला ठिणग्या उडतायत, आणि त्यांच्याच पलटणीतला, तळेघरचा सुनील जखमी जवानाला पाठीवर घेऊन कडा उतरतोय.

सुनीलनं घरी याचा शब्द काढला नव्हता. कुणी विचारलं तर "मी स्वयंपाकाला व्हतो" म्हणायचा. म्हणून फौजींनी त्याच्या आईलाच, सखूबाईला, फोन केला होता. "आये, काल्याला या. लेकानं काय केलं ते बघा." मायलेक एसटीनं नारायणगावला उतरलेसुद्धा होते.

"मग मूळ पुठ्ठा दाखवा की म्हातारीला," दादाभाऊ म्हणाला.

"तिला तळहाताएवढं दिसतंय व्हय? म्हणून तर मोठं करायला तुला दिलं, राव!" फौजींनी फ्लेक्सचं टोक उलटून बघितलं. "सोड दोऱ्या. उलटा बांध."

फ्लेक्स उलटा झाला. पांढरीशुभ्र पाठ समोर आली. फौजींनी आचाऱ्याच्या चुलीतले विझलेले कोळसे उचलले, पण फ्लेक्सवर कोळसा नुसता घसरायचा.

"तेलात खलून बघा," जानकू आचारी ओरडला. "माझ्या कढईचं काळं आंघोळ केली तरी निघत न्हाई!"

तेवढ्यात कीर्तनकार चिमाजी महाराज फेटा सावरत आले. वीणेकरी उभा, आम्ही टाळकरी उभे, मृदंग लावून तयार. आणि अख्खा मांडव महाराजांकडे पाठ फिरवल्यासारखा वाटीत तेल घेऊन कोळसा खलणाऱ्या फौजींच्या बोटांकडे बघत होता. दादाभाऊनं हात जोडले, "महाराज, पाचच मिनिटं..."

महाराज हसले. "अरे, पहिलं कीर्तन त्यांनी लावलंय. आपण साथ धरू. घ्या रे, विठ्ठल विठ्ठल!"

काय सांगावं महाराजा! टाळांच्या ठेक्यावर कडा उभा राहिला. ठेका वाढला तशा ठिणग्या उडाल्या. मग एक वाकलेली पाठ, त्या पाठीवर लोंबकळणारा जवान, आणि दातओठ आवळून उतरणारा सुनील. लढाई म्हणजे काय, ते आमच्यातल्या कितीतरी जणांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बायांच्या बाजूला तर पदर डोळ्यांना लागले.

सखूबाई लेकाचा हात धरून मांडवात शिरल्या त्या याच वेळी. फौजींच्या मंडळी, रतनबाई, त्यांना पुढं घेऊन आल्या. म्हातारीनं डोळे बारीक केले. कुणी काही सांगायच्या आधीच तिनं बोट दाखवलं.

"त्यो बघा, कसा वाकलाय! नाचणीचा भारा आणताना बी असाच डावा खांदा पाडतो." आणि वळून लेकाच्या पाठीत एक धपका घातला. "आन् मला म्हणतो, स्वयंपाकाला व्हतो!"

"डाळ बी करायचो की, आये."

"तुजी डाळ ठावं हाय मला!"

मांडव खदाखदा हसला. महाराजांनी सुनीलला वर बोलावलं. त्यानं चित्र वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"समदं बराबर हाय. पर ह्यो गडी कुठंय? वरच्या मशीनगनीवर ह्यो मागनं गोळ्या घालत व्हता, म्हणून तर मी उतरलो. गोरक्ष, तू कुठंयस ह्यात?"

फौजींनी काळे हात धोतराला पुसले. "मी मला बघितलंच न्हाई. काढू कसा?"

"मी बघितलं की!"

सुनीलनं वाटीत बोट बुडवलं आणि खडकामागं एक गोल काढला, त्याला दोन काड्यांचे हात, हातात चिमट्यासारखी बंदूक.

"पावणं, माणूस हाय का मेंढरू?" मागून कुणीतरी ओरडलं.

"गप रं! ह्योच हाय त्यो," सुनील म्हणाला.

सखूबाई दोघांच्या आधारानं स्टेजवर चढल्या. आधी चित्रातल्या लेकावरून हात फिरवला, मग त्या काड्यांच्या माणसावरून. तळवा काळा झाला. त्याच बोटानं त्यांनी पहिली तीट गोरक्ष फौजींच्या गालाला लावली, दुसरी सुनीलच्या.

दोघं साठीकडे झुकलेले गडी, बाळासारखे गाल पुढे करून उभे. महाराजांनी चिपळ्या उचलल्या आणि अभंगाला हात घातला.