पुष्कळ आहे, घ्या

या, असे लांब का बसलात? थोडे जवळ सरका. मागच्यांनीही पुढे या, इथे जागेला तोटा नाही. आज एका आचाऱ्याची गोष्ट सांगायची आहे. फार मोठी नाही, आणि तिच्यात हसण्यासारखं जे आहे तेही शेवटी घशात अडकणारं आहे. पण ज्याने जन्मभर दुसऱ्यांना वाढलं, त्याच्यासाठी घटकाभर कान द्यायला काय जातं? देवसुद्धा म्हणे सगळ्यांचं वाढून झाल्यावरच बसतो.

हा आचारी तरुणपणी फौजेत होता. बंदूक त्यालाही मिळाली होती, पण तिचा उपयोग आपण ओला टॉवेल वाळत घालायलाच जास्त केला, असं तो स्वतःच सांगे. त्याचं खरं हत्यार म्हणजे लांब दांड्याची पळी. वारा शिरू नये म्हणून चारी बाजूंनी आवळून बांधलेला तंबू, आत रॉकेलचे भलेमोठे स्टोव्ह, आणि तंबूमागच्या खड्ड्यात रात्रंदिवस जळणारा तळावरचा कचरा. टायर, प्लास्टिक, रंगाचे डबे, काय वाटेल ते. त्या धुरात उभं राहून त्याने वर्षानुवर्षं अख्ख्या तुकडीला जेवू घातलं. सुटून आला तेव्हा अंगावर साधा ओरखडा नव्हता. लोक म्हणाले, नशीब काढलंस. छातीत बसून जो धूर त्याच्याबरोबर घरी आला, तो कुणाच्या डोळ्यांना दिसायचा?

पुढे तो एका कारखान्याच्या कँटीनमध्ये लागला. तिथेही पळी तीच, फक्त खाणारे बदलले. आणि हळूहळू श्वास आखूड होत गेला. आधी जड पातेलं उचलणं सुटलं, मग बुटाची नाडी बांधायला वाकणं सुटलं. नाडी बायको बांधू लागली.

बायकोला सगळ्यात नकोसा वाटे तो जिना. त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर. संध्याकाळी तो कामावरून येई तेव्हा तिला खालपासून पावलं ऐकू येत. जिन्याच्या वळणावर ती थांबत. मग बराच वेळ काही नाही. शेजारीपाजारी येत-जात असले तर हा आपला किल्ली हरवल्यासारखा सगळे खिसे चाचपत उभा राही. दार आतून उघडंच असे, किल्ली कशाला लागते? पण माणसाची अब्रू कशात असेल सांगता येत नाही. ती आत चुलीपाशी हात थांबवून उभी राही, आणि पुन्हा पाऊल वाजलं की तिच्याही जिवात जीव येई.

गल्लीतल्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं, की हे माझ्या आवाक्यातलं नाही. माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात छातीचा वेगळा विभाग आहे, यंत्रं आहेत, औषधं आहेत, आणि त्यावर तुमचा हक्क आहे. आत्ता गेलात तर पुष्कळ वर्षं मिळतील, पण ही थंडी तशीच अंगावर काढलीत तर मी काही सांगू शकत नाही.

आचाऱ्याने मान डोलावली आणि घरी आला. तिने विचारलं, कधी जायचं? तो म्हणाला, जाऊ की, आधी ज्यांना गरज आहे त्यांचं तर होऊ दे. तिने आठवड्याने विचारलं, महिन्याने विचारलं. उत्तर तेच. चिडली, रुसली, दोन दिवस बोलली नाही, सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

आता योगायोग बघा. ती ज्या लाँड्रीत इस्त्री करायची, तिथे त्याच हॉस्पिटलच्या चादरी धुवायला येत. तिच्या हाताला कापडाची भाषा कळत होती. माणूस निजलेली चादर वेगळी असते, तिला घामाचा वास असतो, मध्ये खोलगट चुरगळ असते. पण छातीच्या विभागाच्या गठ्ठ्यातल्या निम्म्या चादरी तिने केलेल्या घडीसकट परत येत. नियम म्हणून ठरल्या दिवशी धुवायच्या, एवढंच. म्हणजे खाटा रिकाम्या होत्या. तिने जी चादर मागच्या वेळी घडी घालून पाठवली होती, तीच कुणाचंही अंग न लागता तिच्यापुढे येऊन पडत होती.

तिने घरी येऊन हे सांगितलं, तर तो हसला. म्हणाला, "रिकाम्या नाहीत गं त्या. राखलेल्या आहेत. येणाऱ्यांसाठी."

"मग तुम्ही कोण? जाणारे?"

रागात ती बोलून गेली आणि तिची तिलाच जीभ चावावीशी वाटली. तो पळी धुवायला उठला.

एवढ्यावर थांबेल ती बायको कसली. सुट्टीच्या दिवशी ती उठली आणि ड्रायव्हरकडे गेली. हा ड्रायव्हर त्याच तुकडीतला, रसदीचा ट्रक चालवायचा. सुरुंगात एक पाय गुडघ्याखाली गेला. आता बाजाराच्या तोंडाशी किल्ल्या करून द्यायचं त्याचं दुकान होतं, दुकान कसलं, कपाटाएवढी टपरी. तिला बघून त्याने स्टूल पुसून पुढे केलं आणि विचारलं, "काय वहिनी, तुमच्या नवऱ्याने परत किल्ली हरवली?"

ती रडलीच. मग त्याने मशीन बंद केलं.

सगळं ऐकून घेऊन तो आपल्या नकली पायावर टिचकी मारत म्हणाला, की मी तर पहिल्या झटक्यात घेतला. फुकटचा पाय कोण सोडतो? आता दुसराही द्या म्हणालो, तर म्हणाले आधी तो घालवून या. पण वहिनी, आमच्यातले कितीतरी जण जातच नाहीत. एकाला वाटतं, मी कुठे लढलो, मी तर गोदाम सांभाळत होतो. एकाला वाटतं, एकदा त्या दारातून आत गेलो की आपण कायमचे आजारी ठरलो. एक तर म्हणतो, ज्यांनी मला तिथे पाठवलं त्यांच्याकडचं पाणीही नको. "तुमच्या नवऱ्याचं मात्र वेगळंच आहे. तुम्हाला ताटाचं सांगितलंय का त्याने?"

कसलं ताट?

ड्रायव्हरने हातातली अर्धी कापलेली किल्ली खाली ठेवली. मग त्याने सांगितलं ते असं. त्यांच्या तुकडीत एक रीत पडली होती. कुणी लढाईत पडला, की त्या दिवशी त्याचं ताट सगळ्यांच्या आधी वाढायचं आणि मधोमध ठेवायचं. त्याच्यानंतर जखमी, मग पहाऱ्यावरून आलेले, मग बाकीचे. आचारी सगळ्यात शेवटी, हा तर जुनाच नियम. जेवणं उरकली की ते ताट तसंच भरलेलं राही. अन्न टाकायचं नाही, रसदीचा भरवसा नव्हता. पण त्याला हात लावायला कुणी धजत नसे. तेव्हा ठरलं, की जो शेवटी जेवतो त्याने ते संपवायचं.

"तो आमच्याकडे पाठ करून बसायचा आणि खायचा," ड्रायव्हर म्हणाला. "त्याच्यासाठी पातेल्यात बहुतेक काही उरलेलंच नसायचं, भुकेला असायचा बिचारा. एकदा मला म्हणाला, गार झालेलं असतं रे, तरी चव लागते. वहिनी, त्याला तेच सोसलं नाही. खावं लागलं याचं काही नाही. चव लागली, याचं."

घरी परतताना तिला रस्ता कसा सरला कळलं नाही. इतकी वर्षं संसार केला, आणि हा माणूस रोज आपल्यामागून जेवतो, हे तिच्या डोळ्यांसमोर असून तिने कधी पाहिलं नव्हतं. तिला वाटायचं, मायेचा आहे.

संध्याकाळी तिने दोन ताटं एकदम वाढली आणि त्याला समोर बसवलं. म्हणाली, भाऊजींनी सांगितलं मला. तो ताटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माझा वाटा घेऊन झालाय गं. माझ्यासाठी होता त्याहून जास्त."

"मग माझ्या वाट्याचं म्हणून चला," ती म्हणाली. "माझं अजून काहीच घेऊन झालेलं नाही."

तो येतो म्हणाला.

ठरल्या दिवशी तिघं गेली. ड्रायव्हरने टपरी बंद ठेवली होती, दाढी केली होती, आणि वाटभर त्याची बडबड चालू होती. तिने नवऱ्याचा शर्ट लाँड्रीतल्या मोठ्या इस्त्रीने कडक करून आणला होता. हॉस्पिटलचा हॉल लांबलचक, खुर्च्या स्वच्छ, आणि बसलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. नंबर मिळाला. पुढे एकच जण होता. तिने मनातल्या मनात हात जोडले, की देवा, एवढं एक दार त्याला ओलांडू दे, मग तुझ्याकडे काही मागणार नाही.

तेवढ्यात एक म्हातारा सैनिक आला. काठी, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि खोकला असा की भिंतीला धरून उभा राहिला. आचाऱ्याची चुळबुळ सुरू झाली. तिने त्याचा हात घट्ट धरला. परिचारिका लगबगीने आली, म्हाताऱ्याला खुर्चीवर बसवलं. पोरगी मोठी गोड होती. आचाऱ्याच्या चेहऱ्यावरची घालमेल तिच्या ध्यानात आली असावी. त्याच्यापाशी येऊन, खांद्यावर हात ठेवून ती हसून म्हणाली, "बाबा, काळजी करू नका. पुष्कळ जागा आहे. सगळ्यांना मिळेल."

आणि तिथेच सगळं फिसकटलं.

बायकोने घट्ट धरलेला हात त्याने हळूच सोडवून घेतला. तो त्या पोरीकडे बघत होता, रागाने नाही, मोठ्या मायेने, जसं आपल्याच धंद्यातल्या नवशिक्याकडे बघावं. मग तो उठला, आपला नंबर त्या म्हाताऱ्याच्या मुठीत दिला, आणि दाराकडे चालू लागला.

ड्रायव्हर त्याच्यामागे लंगडत धावला. बाहेर पायऱ्यांवर त्याला अडवून म्हणाला, अरे गाढवा, ती खरं बोलतेय, आत खाटा ओस पडल्यात.

आचारी कठड्याला धरून धापा टाकत होता. एकेक शब्द सोडत म्हणाला, "मी रोज हेच म्हणायचो ना. पळी तळाला खरवडत असायची, आणि मी म्हणायचो, पुष्कळ आहे, घ्या. असंच हसून. तुम्हाला खरं वाटायचं की नाही?"

ड्रायव्हरला खरं वाटायचं. दोनदा मागून घ्यायचा तो.

"पातेल्यात किती आहे," आचारी म्हणाला, "ते वाढणाऱ्यालाच माहीत असतं."

मायबाप, इथे कुणाला दोष द्यायचा? पोरगी खरं बोलली होती. पातेलं खरोखर भरलेलं होतं. पण ज्याने जन्मभर प्रेमापोटी खोटं सांगून दुसऱ्यांची पोटं भरली, त्याला खरं कोणत्या आवाजात सांगायचं? बायकोने त्यानंतरही सांगितलं. चादरीची घडी आणून दाखवली, पाया पडली, ड्रायव्हरने शिव्या घातल्या. तो सगळं ऐकून घेई आणि म्हणे, जाऊ, थोडी गर्दी ओसरू दे.

थंडी आली. कँटीन सुटलं नाही, कारण घरी बसून करायचं काय? रोज संध्याकाळी पावलं येत, वळणावर थांबत, पुन्हा सुरू होत. थांबणं लांबत चाललं होतं. एके दिवशी पावलं आली आणि वळणावर थांबली. ती आत हात थांबवून उभी राहिली. चुलीवरचं उकळून खाली सांडलं, विझल्याचा वास आला, तरी ती ऐकतच उभी होती. तिला वाटलं, शेजारी कुणी असेल, हा खिसे चाचपत असेल. मग ती धावली.

भिंतीला टेकून बसला होता. एक हात खिशात होता.

सगळं उरकल्यावर ड्रायव्हर तिच्याकडे आला. तिने स्वयंपाक केला होता, साधाच, रस्सा आणि भात. पहिलं ताट वाढून तिने मधोमध ठेवलं. मग ड्रायव्हरला वाढलं, मग स्वतःला. दोघं खाली मान घालून जेवली. ड्रायव्हर उठला, हात धुऊन दाराशी पाठ करून उभा राहिला. त्याला रीत ठाऊक होती.

ते ताट तिने पुढे ओढलं. गार झालं होतं. पहिला घास तिने नुसता गिळायचा म्हणून तोंडात घातला, आणि चव लागली. मीठ बरोबर पडलं होतं. दोन दिवसांची उपाशी होती ती, शरीराला काय कळतं? जीभ दुसरा घास मागू लागली. तेव्हा ताटावर वाकून ती जी रडली, तशी जिन्यावरही रडली नव्हती. तिने ताट संपवलं. पुसून संपवलं.

लाँड्रीत ती अजून जाते. छातीच्या विभागाचा गठ्ठा येतो. पुष्कळ चादरी घडीसकट असतात. ती त्या उलगडते, पाण्याचा हबका मारते, पुन्हा इस्त्री करते आणि पाठवून देते.

तर जवळ बसलेल्यांनो, आता उठाल, घरी जाल, ताटावर बसाल. कुणीतरी तुम्हाला हसून म्हणेल, पुष्कळ आहे, घ्या. तेव्हा घास उचलण्याआधी एकदा पातेल्यात डोकावून बघा, आणि जिन्याच्या वळणावर थांबलेल्या त्या आचाऱ्याची आठवण ठेवा. त्याला आपण कुणी वाढलं नाही.