घाटावरून मिठबाव

"दर्या दिसलो?" सुगंधाने विचारलं.

गुरुदासने सायकल फणसाला टेकवली, पंचाने मान पुसली आणि तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन घेतलं. मग म्हणाला, "दिसलो."

"गलबतां?"

"होती दोन-तीन. शिडां लावलेली."

"खंयच्या बाजूक जायत होती?"

इथे गुरुदासची गाडी नेहमी अडायची. जन्मात समुद्र न पाहिलेल्या माणसाने गलबतांची दिशा सांगायची तरी कशी? तो पंचा झटकत म्हणाला, "आपल्याच बाजूक येयत होती बहुतेक."

"हां," म्हणून सुगंधा पुन्हा वाटणाकडे वळली, पण वरवंटा आता जरा हलक्या हाताने फिरत होता. ओटीवर बसलेली तिची सासू, रुक्मिणी, मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. "घाटार जावन दर्या बघतत," ती म्हणाली, "आणि हय गोरवांक पाणी दाखवूक कोण नाय!"

गुरुदास फोंड्यातल्या एका कापडदुकानात नोकर होता. आठवडाभर गजाने कापड मोजायचं, फाडायचं, घडी घालायची. गिऱ्हाईकाने दहा तागे उलगडायला लावले आणि काही न घेता गेलं, तरी हसतमुखाने ते पुन्हा गुंडाळून ठेवायचे. दुकानाच्या मागच्या खिडकीतून घाट दिसे. सकाळी निळा, दुपारी करडा, संध्याकाळी पुन्हा निळा. दुकान बंद असलं की हा गडी पहाटे सायकल काढून घाटाकडे निघे. घाटात सायकल माणसाला नेत नाही, माणूस सायकलीला नेतो. पण उतरताना ती सगळं फेडते, असं गुरुदासचं म्हणणं. कधी तो दाजीपूरच्या रानापर्यंत जाई, कधी सायकल ओळखीच्या झोपडीत ठेवून शिवगडावर पायी चढे, कधी घोटग्याच्या जुन्या पायवाटेने अर्धा डोंगर वर जाऊन परत येई.

"कामाक काय जातंस थंय?" एसटीतला कंडक्टर धोंडू त्याला विचारी. धोंडू त्याचा शाळासोबती, त्यामुळे छळण्याचा हक्क त्याच्याकडे राखून ठेवलेला. "घाटार कोण बायल ठेवलंस काय रे?"

"वारो खावक जातंय."

"हय वारो नाय?"

"हयचो वारो दुकानातसून येता," गुरुदास म्हणे.

धोंडूला ते कळत नसे आणि खरं सांगायचं तर गावात कुणालाच कळत नसे. घाटावर माणूस जातो तो नारळ विकायला, गूळ-मिरची आणायला, फार तर ज्योतिबाला. नुसतं जाऊन वळणावर उभं राहायचं आणि परत यायचं, याला आमच्याकडे काम म्हणत नाहीत. पण गुरुदासला ते आवडे. वर उभं राहिलं की छाती भरून यायची. खाली आपलं दुकान आहे, त्यात उद्या जायचं आहे, हे तेवढा वेळ तो विसरायचा.

सुगंधा मिठबावची. समुद्राच्या काठची, लाटांच्या आवाजात झोपायची सवय झालेली. बाप लहानपणीच गेला, म्हणून तिचं लग्न मामाने कणकवलीत आपल्या दारात लावून दिलं. लग्नात तिच्या भावाचा मानपानावरून रुसवा झाला. कुणीतरी त्याला टोपी द्यायचं विसरलं होतं. एवढीशी गोष्ट, पण तो जो रुसला तो मुंबईला जाऊनही रुसलेलाच राहिला. त्याच्या भीतीने आवस, म्हणजे आई, लेकीला बोलावू शकली नाही. वर्षभरात ती वारली, घराला कुलूप लागलं आणि बोलावणं करायला कुणी उरलंच नाही.

बोलावल्याशिवाय लेकीने माहेरी जायचं नाही आणि जावयाने तर नाहीच नाही. देवगडची एसटी त्यांच्या घरावरून जायची. सुगंधा अंगण झाडत असली की भोंगा वाजायचा. त्या गाडीत बसलं असतं तर दुपारी मिठबावला पोचली असती. पण गाडीत जागा असून भागत नाही.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी गुरुदास घाटातून येऊन सहज बोलला होता, की एसटीचा ड्रायव्हर म्हणतो, हवा साफ असली की वरच्या वळणावरून समुद्र दिसतो. सुगंधाच्या हातातली केरसुणी तिथेच थांबली.

"मिठबावच्या बाजूचो?"

"त्याच बाजूचो म्हणे."

"माका बघूचो आसा," ती म्हणाली. मग सासूला ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात म्हणाली, "बघूक कोणाचा बोलावणा लागना नाय मां?"

पण नव्या सुनेने घाट चढायला निघायचं म्हणजे गावाला महिनाभराची करमणूक. नंतर मुलं झाली, गाय आली, सासूचे गुडघे गेले. तेव्हा सुगंधा म्हणाली, "तुमी बघा आणि माका सांगा." गुरुदास पुढच्या खेपेला वळणावर बराच वेळ उभा राहिला. समोर नुसतं धूसर. डोंगरामागे डोंगर, मग झाडी, मग काहीच नाही. परत आला तर सुगंधा अंगणाच्या बेड्याशी, फाटकाशी, उभी होती आणि तिचा सगळा चेहरा म्हणजे एक प्रश्न झाला होता. आयुष्यात गिऱ्हाइकाला बोटभर कापड कमी न दिलेला हा माणूस त्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "दिसलो."

एकदा दिसला म्हटल्यावर पुढच्या वेळी न दिसून कसं चालेल?

खोटं बोलायलाही थोडी माहिती लागते. देवगडकडचं गिऱ्हाईक दुकानात आलं की गुरुदास त्याला गोड बोलून गलबतांविषयी, शिडांविषयी विचारून घेई. तरी एकदा फसलाच. कोजागरीनंतरची सकाळ होती. उजाडताना वर पोचलो होतो, असं सांगून तो रंगात येऊन म्हणाला, "आज दर्या काय भरलेलो होतो, सुगंधा! काठोकाठ!"

सुगंधाचा भाकरी थापणारा हात थांबला. पुनवेच्या दिवशी उजाडताना सुकती असते, म्हणजे ओहोटी. समुद्र लांब आत गेलेला असतो आणि गावच्या बायका कोयते घेऊन खडकावर कालवं काढायला बसलेल्या असतात. ती स्वतः आईबरोबर पुनवेच्या कितीतरी सकाळी बसली होती. भरती मग दुपारी. हे मिठबावच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, फोंड्यातल्या कापडदुकानाला कुठून असणार? तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो आनंदाने पाय धूत होता. तिने भाकरी उलटली आणि दुसरी थापायला घेतली.

पुढच्या आठवड्यात तो घाटातून आला तेव्हा तिने विचारलं, "दिसलो?"

अशी वर्षं गेली. दुकानात वार जाऊन मीटर आले, म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना ते समजावताना गुरुदासच्या तोंडाला फेस आला. सायकलीची सीट दोनदा बदलली. समुद्र मात्र दर आठवड्याला दिसत राहिला.

मग एका दिवाळीनंतर दुकानात मिठबावचा लवू आला, पोरीच्या लग्नाचं कापड घ्यायला. बोलता बोलता म्हणाला, "तुमच्या मेवण्यान घर इकल्यान. घेणाऱ्याक थंय कलमां लावची आसत. ह्या आठवड्यात पाडतले."

गुरुदासने संध्याकाळी हे घरी सांगितलं. सुगंधा चुलीपुढे बसली होती, तशीच बसून राहिली. सांगायला नको होतं असं त्याला वाटलं. मग ती म्हणाली, "माका घाटार न्या."

"कशाक?"

"पाडूच्या आधी एकदा बघतंय."

"इतक्या लांबसून घर दिसना नाय गो," गुरुदास म्हणाला.

"दर्या दिसता मां? घराची जागा माका कळतली."

त्याने कारणं काढली. थंडी फार आहे, चढ मोठा आहे, लोक काय म्हणतील, आईकडे कोण बघेल? त्यावर कधी नव्हे ती रुक्मिणी सुनेच्या बाजूने उभी राहिली. "जा गो तू," ती म्हणाली. "माजा म्हायेर गेला तेवा माका कोणी सोडल्यानी नाय. गोरवांक मी बघतंय." आता गुरुदासपाशी कारणच उरलं नाही.

पहाटे दोघं निघाली. सायकलीच्या कॅरियरला भाकरीचं फडकं बांधलेलं, गुरुदास सायकल ढकलतोय आणि सुगंधा बाजूने चालतेय. आरंभी तो भीती विसरून गेला. पाहुण्याला घरातल्या खोल्या दाखवाव्यात तसा तो तिला घाट दाखवत होता. ही झऱ्याची जागा, पाणी मे महिन्यातसुद्धा असतं. इथे एकदा गवा आडवा आला होता. ही करवंदाची जाळी सगळ्यांत आधी पिकते. सुगंधा बघत होती, झऱ्याचं पाणी पीत होती, धापा टाकत हसतही होती. आपला नवरा एवढं बोलतो हे तिला बारा-तेरा वर्षांत ठाऊक नव्हतं. याला इथे का यावंसं वाटतं ते तिला पायांतूनच कळत गेलं.

वाटेत एसटी गेली. धोंडूने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "अरे, आज बायलेक घेवन?" तो ओरडला. "म्हणजे वर खरोखरच कोण नाय!" सुगंधाने पदर तोंडाला लावला. गुरुदास मात्र हसला नाही. वळण जवळ येऊ लागलं होतं.

मग त्याचे पाय जड झाले. चाकातली हवा उगाच दाबून बघितली. चप्पल काढून खडा झाडला, त्यात खडा नव्हता. एका दगडावर तो बसूनच राहिला. सुगंधा थांबली, तिने घाई केली नाही.

शेवटी वळण आलं. ऊन चढलं होतं. खाली कोकण पसरलं होतं, डोंगरामागे डोंगर, मग झाडी, आणि त्यापलीकडे धूसर पांढरट काहीतरी, ज्याला आकाश म्हणता आलं असतं किंवा काहीच म्हणता आलं नसतं. सुगंधा कठड्याशी उभी राहिली. गुरुदास तिच्या मागे, सायकलीचं हँडल दोन्ही हातांनी धरून.

ती बघत राहिली. बराच वेळ.

"सुगंधा," तो म्हणाला. "माका कधीच दिसूक नाय गो. एकदाव नाय."

"म्हायत आसा."

"म्हायत आसा?"

"पुनवेच्या सकाळी भरलेलो होतो म्हणालास, तेवाच कळला. त्या वेळाक सुकती असता."

एवढी वर्षं आपण हिला फसवतो म्हणून गुरुदास मनात कुढत होता. "मगे दरवेळी इचारीत कित्याक होतंस?" त्याने विचारलं.

सुगंधा वळली नाही. "आपल्या घरात माज्या म्हायेराचा नाव दुसऱ्या कोणी कधी काढल्यान?" ती म्हणाली. "तुमी आठवड्यातसून एकदा काढीत होतास. खोटा तर खोटा."

वाऱ्याने तिचा पदर उडत होता. तो तिने कमरेला खोचला आणि उजवा हात लांब केला.

"हय येवा. ती डोंगराची काळी धार दिसता? तिच्या पल्याड. थंय दर्या. आज नवमी, म्हणजे ह्या वेळाक सुकती लागलेली असतली. किनाऱ्याक सुरूची झाडां. झाडांतसून वाट येता, रेवेची, पाय भाजतत. मगे विहीर. विहिरीक खाऱ्या वाऱ्यान गंजलेली कप्पी, वाजता ती. विहिरीच्या वर आमचा घर. चार पायऱ्यो आसत, तिसरी फुटलेली..."

तिचा आवाज तिथे थांबला. फुटलेल्या पायरीवर तिचं सगळं अडलं. ती पायरी एव्हाना उपटली असेल किंवा उद्या उपटतील. ती रडली, अगदी उघड, रस्त्यावर उभी राहून. गुरुदासने आपल्या बायकोला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं आणि तिला हात लावायची त्याची हिंमत होईना.

त्याने सायकल कठड्याला टेकवली. पंचाने तोंड पुसलं, केस हाताने चापून बसवले. मग शर्टाचं गळ्याजवळचं बटण, जे चढताना उकडून त्याने काढलं होतं, ते नीट लावलं, आणि तिच्या शेजारी, तिच्या बोटाच्या दिशेला तोंड करून उभा राहिला.

"ह्या काय करतास?" सुगंधाने डोळे पुसत विचारलं.

"पयल्यांदाच सासरवाडीक इलंय," तो म्हणाला. "सांग. दारात कोण कोण आसा?"

सुगंधाने त्याच्याकडे पाहिलं, मग पुन्हा त्या धूसर पांढऱ्याकडे.

"आवस आसा," ती म्हणाली.