मानेमागचं लेबल

दुकान दोघी जावांचं होतं. थोरली जुने कपडे पारखून घ्यायची आणि विकायची, धाकटी ते दुरुस्त करायची. धाकटीने रफू केलं की कुठे केलंय ते नंतर तिचं तिलाही सापडायचं नाही. थोरली मात्र ताकही फुंकून पिणारी.

थोरली परगावी लिलावाला गेली होती तेव्हा धाकटीने एक ड्रेस घेऊन ठेवला. गडद निळं रेशीम, कापड तिरकं धरून केलेला उरेब काप, कमरेला बारीक चुण्या आणि मानेमागे एका नामांकित फॅशन हाउसचं विणलेलं लेबल.

"कोणी दिला?" थोरलीने परत आल्यावर विचारलं.

"पुलापलीकडच्या घड्याळजींनी. बायकोचा होता. त्या गेल्या वर्षी वारल्या."

थोरलीने ड्रेस उलटा करून टेबलावर पसरला. चेन धातूची होती, तीही डाव्या कुशीला. धुण्याच्या सूचनांची पट्टी कुठेच नव्हती. शिवणीत माया भरपूर सोडलेली, कडा हाताने बांधलेल्या. खाकेतलं अस्तर घामाने विरलं होतं, एक हुक गायब होता. साठ वर्षांपूर्वीचा माल, तिने मनाशी ठरवलं. सगळं जुळत होतं, आणि सगळं जुळलं की तिला जास्तच खटकायचं.

तिने पडदा ओढला आणि निळा दिवा लावला. त्या उजेडात नव्या दोऱ्यातली रसायनं पांढरीफक्क चमकतात. ड्रेसची शिवण अंधारात बुडाली. लेबलाच्या चारी बाजूंचे टाके मात्र लख्ख उजळले.

"हे लेबल नंतर लावलंय."

धाकटी अस्तर उसवत होती. तिने मान वर केली नाही. "सुटलं असेल कधीतरी. परत शिवलं असेल."

थोरलीने लेबलाचा एक कोपरा उसवून पाहिला. खालचं रेशीम आजूबाजूच्या रेशमाइतकंच विटलेलं होतं. इतकी वर्षं वर लेबल असतं, तर तेवढा तुकडा गडद राहिला असता.

"म्हातारा दिसतो साधा, पण पोचलेला आहे," ती म्हणाली. धाकटीने अस्तराचा पुढचा टाका उसवला.

दुसऱ्या दिवशी थोरली मनगटावरचं घड्याळ मागे पडतंय असं निमित्त काढून घड्याळजींकडे गेली. त्यांनी डोळ्याला भिंग लावून घड्याळ उघडलं.

"तुमच्या मंडळींचा ड्रेस छानच आहे," ती म्हणाली. "कुठून घेतला होता?"

"घेतला कुठला? आमच्या गल्लीत एक शिंपीणबाई होत्या, त्यांनी शिवला. हिने मासिकातलं चित्र नेऊन दाखवलं होतं."

"मग लेबल?"

"कसलं लेबल?" त्यांनी भिंग काढलं. "तुमच्या धाकट्या बाईंनीही हेच विचारलं. म्हणाल्या, लेबल पडलं का? मी म्हटलं, नव्हतंच मुळी."

घड्याळ तिथेच टाकून ती दुकानात आली आणि तडक पोटमाळ्यावर चढली. त्याच फॅशन हाउसचा एक करडा कोट तिथे ट्रंकेत पडून होता, कसरीने चाळण केलेला, ठिगळांपुरता ठेवलेला. तिने त्याची कॉलर उलटली. मानेमागे एक गडद चौकोन होता, आणि त्याच्या कडेने सुईची रिकामी भोकं.

कोट हातात घेऊन ती खाली आली.

"ह्याचं लेबल कुठे गेलं?"

धाकटीने सुई टाचण्यांच्या गादीला टोचून ठेवली. "तुम्हाला कळणार हे ठाऊक होतं."

"मग कशाला केलंस?"

"ताई, नाव नसलेला कपडा आला की तुम्ही काय म्हणता? टांग मागे. मी जीव ओतून नीट करते आणि तुम्ही तो त्या कोपऱ्यात नेऊन टांगता. हा मला तिथे जाऊ द्यायचा नव्हता."

"म्हणून खोटं नाव?"

"कपडा खोटा नाहीये."

"आधी कितीदा केलंस असं?"

"एकदाही नाही. हा एकच."

तिचा आवाज सरळ होता. पण कालही तो सरळच होता, हे थोरलीच्या मनातून जाईना.

लेबल थोरलीने स्वतः उसवलं. धाकटीने खाकेला नवं अस्तर घातलं, जुन्याच घडणीचा हुक शोधून लावला. ड्रेस दर्शनी काचेत लागला, खाली पाटी: साठ वर्षांपूर्वीचा, गल्लीतल्या शिंपीणबाईंनी शिवलेला. घड्याळजी घड्याळ द्यायला आले आणि बराच वेळ काचेबाहेर उभे राहिले. आठवडाभरात एका गाणं शिकवणाऱ्या बाईंनी तो घेतला.

एवढ्यावर भागायला हरकत नव्हती. पण थोरलीची झोप उडाली होती. तिने एका जुन्या गिऱ्हाईक वकीलबाईंना फोन केला, बटणं फुकट पक्की करून देते म्हणाली, आणि त्यांनी दुकानातूनच घेतलेला नामांकित लेबलाचा ओव्हरकोट मागवून घेतला. धाकटी बाहेर गेल्याचं पाहून तिने निळा दिवा लावला. लेबलाचे टाके काळेच राहिले. कोपरा उचलला, तर खालचं कापड गडद. तिने श्वास सोडला.

"निघालं काही?" धाकटी दारात उभी होती.

"नाही."

"मग आता पुढचं काय मागवताय?"

थोरलीला नाही म्हणायचं होतं. जीभ रेटेना. "ते हिरवं जॅकेट," ती म्हणाली.

"डॉक्टरीणबाईंकडे आहे ते." धाकटीने पर्स खाली ठेवली आणि फोन ओढून घेतला. "थांबा, मीच लावते."