नवं ब्लेड, जुनी तुरटी

मी तुरटी बोलतेय. इथे लखनौत मला फिटकरी म्हणतात. चारबागच्या मागच्या गल्लीत माणिकचं दाढी-कटिंगचं दुकान आहे. तिथे आरशाखालच्या फळीवर एका प्लॅस्टिकच्या डबीत माझा मुक्काम असतो.

आले तेव्हा साबणाच्या वडीएवढी होते आणि आरपार दिसत असे माझ्यातून. चिनहटकडच्या एका कारखान्यात मला उकळलं, थिजवलं, कापलं, घासून गुळगुळीत केलं. माणिकने विकत घेताना मला उजेडाला धरून पाहिलं होतं. पहिल्या सकाळी त्याने कात्री-कंगव्याबरोबर मलाही उदबत्ती ओवाळली. तेव्हा काय मान वाटला होता! आता मी मधोमध खोलगट झालेय आणि कडांना पिवळट पडलेय.

माझं काम सोपं. दाढी झाली की मला पाण्यात बुडवायचं आणि गालावरून, हनुवटीवरून, गळ्यावरून फिरवायचं. मी झोंबते. लोक डोळे घट्ट मिटतात, ‘स्स’ करतात आणि वर खूश होतात. झोंबलं म्हणजे साफ झालं, असा सगळ्यांचा ठाम समज. मी रक्त थांबवते हो, नाही म्हणत नाही. पण ज्याचं थांबवते त्याचं थोडं माझ्या अंगाला राहतं आणि मी तशीच पुढच्या गालावर जाते. मला कोण धुणार? धुण्यासाठीच तर मी आहे, असं मानतात ना!

माणिक वाईट माणूस नाही. कोरोनानंतर तर त्याने एक रीतच पाडली. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर पाकीट फोडायचं, ब्लेड मधोमध मोडायचं आणि अर्धं वस्तऱ्यात बसवायचं. “देख लीजिए साहब, नया है.” साहेब बघतात, मान डोलावतात आणि निवांत मागे रेलतात. माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

चंद्रहास हे आमचं दर रविवारचं गिऱ्हाईक. मूळचे साताऱ्याचे, इथे बँकेत अधिकारी. त्यांच्या पत्नी उत्कर्षा यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली, डायलिसिसवर दिवस चाललेले. चंद्रहास आपलं एक मूत्रपिंड त्यांना देणार होते. रक्तगट जुळला त्या रविवारी साबणाच्या फेसातूनसुद्धा त्यांचं हसू दिसत होतं. “माणिक, अब बस तारीख मिलनी है.”

मग काही रविवार ते आलेच नाहीत. आले तेव्हा खांदे पडले होते.

“मेरी किडनी नहीं लेंगे,” ते म्हणाले. “खून में हिपॅटायटिस बी निकला.”

माणिकचा हात थबकला. “कहीं सुई-वुई लगवाई थी, साहब?”

“डॉक्टर ने भी यही पूछा. दाढ़ी कहाँ बनवाते हो, ये भी पूछा. मैंने कहा, मेरे सामने नया ब्लेड लगता है.”

“क़सम से साहब, पुराना आज तक नहीं लगाया.”

दोघंही खरंच बोलत होते. मी डबीत पडून ऐकत होते आणि जीव नुसता तडफडत होता. त्यांना हे रक्तातून पसरणारं काविळीचं दुखणं माझ्यातून गेलं की आणखी कशातून, ते मला नाही सांगता येणार. पण डॉक्टरांनी ब्लेडऐवजी माझं नाव घेतलं असतं तर?

“मेरा सब अलग रखना,” चंद्रहास म्हणाले. “किसी और को नहीं लगना चाहिए.” माणिकने त्यांचा टॉवेल वेगळा केला, ब्लेड कागदात गुंडाळून टाकलं, साबणाने हात धुतले. आणि सवयीने मला त्यांच्या गालावरून फिरवून डबीत ठेवलं.

आज सकाळी चंद्रहासांबरोबर अभिजित आला. उत्कर्षाताईंचा धाकटा भाऊ. आता तो मूत्रपिंड देणार आहे. पहाटेच्या गाडीने उतरलेला, दाढी वाढलेली. चंद्रहासांनी त्याच्यासाठी घरून उकळलेलं पाणी बाटलीत आणलं होतं. आधी चंद्रहासांची दाढी झाली. टॉवेल वेगळा, ब्लेड वेगळं. मी मात्र तीच.

मग अभिजित खुर्चीत बसला. “दाजी, ताईला सांगू नका, पण भीती वाटतेय थोडी.”

“अरे, सगळे रिपोर्ट चांगले आलेत तुझे. आता ॲडमिट होईपर्यंत फक्त जपायचं. साधी सर्दी होऊ द्यायची नाही. माणिक, नया ही है ना?”

“देख लीजिए साहब.”

चंद्रहासांनी उठून जवळून पाहिलं. हनुवटीपाशी वस्तरा जरासा लागला आणि रक्ताचा थेंब आला. माणिकने डबीचं झाकण काढलं.

बाबांनो, मला फोडा! एकेका चेहऱ्याला एकेक तुकडा द्या आणि मग टाकून द्या. नाहीतर भुकटी करा, कापसावर घ्या. खुर्चीत बसाल तेव्हा ब्लेडबरोबर माझ्याकडेही एकदा बघा. मला पाय असते तर मी या फळीवरून कधीच उडी मारली असती.

माणिकने मला पाण्यात बुडवलं.

“आई गं, झोंबतंय,” अभिजित म्हणाला.

“झोंबू दे,” चंद्रहास त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. “त्यानेच सगळं साफ होतं.”