एक भाग शाई, दोन भाग पाणी

मावशींनी पेनाने कागदावर एक आडवी रेघ ओढली आणि ती वाळायच्या आतच कागद पालथा घातला.

"ही नाही."

"नीट बघितलीत तरी का?" शाईवालीच्या तोंडून निघून गेलं.

"बघायचंय काय त्यात? नाही म्हणजे नाही."

आणि मावशी पुन्हा उठल्या. मघापासून त्यांचं हेच चाललं होतं. खिडकी लावून आल्या, मग उकडतंय म्हणून उघडून आल्या, टेबलावरची वर्तमानपत्रं एकदा डावीकडे रचली, एकदा उजवीकडे. वय शहाऐंशी, गुडघ्यांची तक्रार कायम. पण पाच मिनिटं काही एका जागी ठरत नव्हत्या.

शाईवालीने सातव्या बाटलीचं झाकण आवळलं. पेनांच्या कारखान्यात शाई बनवण्यात तिची बावीस वर्षं गेली होती, आणि तिला तिथे याच नावाने ओळखत. रंग बोटांच्या पेरांत मुरलेला. नवरा म्हणायचा, ही हरवली तर पोलिसांत जायला नको, दारांच्या निळ्या झालेल्या कड्या बघत गेलं की सापडेल.

मावशींची थोरली बहीण मोठी लेखिका होती. तिच्या पहिल्या कादंबरीला यंदा पंचाहत्तर वर्षं होत होती, म्हणून कारखाना एक स्मरणसंच काढणार होता: एक पेन, एक शाईची बाटली आणि छोटीशी पुस्तिका. शाई हस्तलिखितातल्यासारखीच हवी. ते हस्तलिखित आपल्या फिकट निळ्या अक्षरांसाठी प्रसिद्ध होतं. जाणकारांनी त्यावर लेख लिहिले होते. पुस्तिकेतही छापून तयार होतं, 'धुक्यासारखी ही निळाई लेखिकेने जाणीवपूर्वक निवडली होती.' ती शाई ताजी असताना पाहिलेलं माणूस आता एकच उरलं होतं. मावशी पसंत करतील तीच शाई, अशी अट लेखिकेच्या मुलीने घातली होती. ती मावशींजवळच राहायची.

हातात आठ दिवस होते. सात बाटल्या झाल्या होत्या. शाईवालीला रात्री डोळे मिटले तरी निळं दिसायचं, आणि तेही चुकीचं निळं.

"हस्तलिखिताची वही परत एकदा बघू?"

"किती वेळा बघशील?"

"शेवटची."

मावशींनी वही दिली, पण हात लगेच मागे घेतला नाही. शाईवाली खिडकीशी गेली आणि तिने भिंग लावलं. आजवर ती रंगच बघत आली होती. आज तिने अक्षरांची कड बघितली. प्रत्येक अक्षर कडेला गडद होतं आणि पोटात फिकट. फिकट रंगाची शाई अशी वाळत नाही. अशी वाळते ती चांगली, दाट शाई, कुणीतरी पातळ केलेली.

"मावशी, यात पाणी आहे."

मागे वर्तमानपत्रांची सळसळ थांबली.

"ही धुक्याची निळाई वगैरे काही नाही. ही साधी ऑफिसातली शाई आहे. एकाला दोन पाणी, कमी नाही." ती वळली. "तुम्हाला माहीत होतं. म्हणून एकही बाटली पसंत पडत नव्हती."

मावशी खुर्चीवर बसल्या.

"विहिरीचं होतं," त्या म्हणाल्या. "पाणी."

त्यांनी बोटं चोळली. मग एकदम बोलायला लागल्या, पुढचं वाक्य मागच्याला ढकलत असल्यासारखं.

"मी अकरा वर्षांची. ताई एकोणीसची. तिला लिहायचं वेड, आणि घरात शाई वडिलांची, म्हणजे ऑफिसची. दस्तांच्या नकला करायला ते घरी आणायचे. तिला कोण देणार? मग मीच थोडी थोडी काढायची. त्यांची बाटली रिकामी दिसू नये म्हणून तिच्यात पाणी घालायची. ताईला पुरावी म्हणून तिच्या शाईतही पाणी. तिला सांगितलं, शाळेत बक्षीस मिळते."

"आणि तिला खरं वाटलं?"

"लिहायला बसलेल्या माणसाला शाई कुठून आली हे कशाला सुचतंय!" त्या हसल्या, पण ते हसू तिथेच विरलं. "वर्षभरात ऑफिसातल्या नोंदी उडायला लागल्या. खरेदीखतं, वारसनोंदी. अक्षरं वाचता येईनात. चौकशी बसली. शाईत पाणी घालतो, उरलेली शाई लंपास करतो, असा ठपका आला वडिलांवर. नोकरी गेली. ते एक अक्षर बोलले नाहीत."

"त्यांना कळलं होतं? तुम्हीच..."

"तेच तर!" मावशी जवळजवळ ओरडल्याच. "तेच माहीत नाही गं मला! कळलं असेल तर का गप्प बसले? आणि कळलंच नसेल तर... मी रोज ठरवायची, आज सांगू. पंधरा वर्षं ठरवत होते. मग ते गेले."

कपबशीचा आवाज झाला. भाची दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. कधीपासून, ते दोघींनाही कळलं नव्हतं.

"आई आजोबांशी शेवटपर्यंत बोलली नाही," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "चोराची मुलगी म्हणून तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. मरताना भेटायलासुद्धा गेली नाही ती त्यांना."

"माहीत आहे मला."

"तुला माहीत आहे," भाची म्हणाली. ट्रे टेबलावर ठेवून ती आत गेली. चहा कुणी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी शाईवालीने विक्रीप्रमुखांना सगळं सांगितलं. ते टेबलावर पेन्सिल आपटत ऐकत होते.

"पाणी? म्हणजे गिऱ्हाइकाला आपण पाणी विकायचं? बाई, पुस्तिका छापून झाली. धुकं आहे ते धुकंच राहू दे."

"त्यांच्या वडिलांवर खोटा आळ आला होता."

"वाईट वाटतं. पण पाऊणशे वर्षांपूर्वी. कुणाला पडलंय?"

तिला संध्याकाळपर्यंत चैन पडलं नाही. तिने आठवी बाटली तयार केली आणि कागदावर ओढून पाहिली; कड गडद, पोट फिकट. मग हात पुसून ती बाटलीचं लेबल लिहायला बसली. लेबलावरचा मजकूर तिच्याच सहीने जायचा. 'घटक' या शब्दापुढे तिने लिहिलं: एक भाग शाई, दोन भाग पाणी. पाणी धाकट्या बहिणीने घातले.

विक्रीप्रमुखांनी ते दोनदा वाचलं. "हे काय आता?"

"घटक."

"लोक विचारतील ना, कोण ही बहीण?"

"विचारू देत."

त्यांनी कपाळ चोळलं, घड्याळ बघितलं. "जाऊ दे. लेबल वाचतो कोण?"

छापण्याआधीचा नमुना घेऊन ती मावशींकडे गेली तेव्हा दार भाचीने उघडलं. 'या' म्हणाली, इतकंच. बैठकीच्या एका टोकाला मावशी होत्या; भाची दुसऱ्या टोकाला जाऊन कपड्यांच्या घड्या घालू लागली. या चार दिवसांत दोघींमध्ये किती शब्द झाले असतील, ते खोलीत शिरताच कळत होतं.

मावशींनी नमुना डोळ्यांजवळ धरला. ओठ हलत होते.

"चुकलंय," त्या म्हणाल्या.

"काय चुकलं?"

"नुसतं पाणी घालणं हा काही गुन्हा नव्हे. एक शब्द राहिलाय. पेन दे."

पेन हातात आल्यावर त्यांनी 'बहिणीने' आणि 'घातले' यांच्यामध्ये एक खूण केली आणि वरच्या जागेत एक शब्द लिहिला. मग तो कागद त्यांनी शाईवालीला दिला नाही. हात लांब करून तो भाचीपुढे धरला.

भाचीने हातातली घडी पूर्ण केली. मग उठून कागद घेतला. शब्द एकच होता, तरी बराच वेळ वाचत राहिली.

"चोरून," ती शेवटी म्हणाली. "रू दीर्घ असतो, मावशी."

"मग कर की दुरुस्त," मावशी म्हणाल्या.

भाचीने पेनासाठी हात पुढे केला.