सरळ रेघांचं कोलम

"कोलम दिसलं म्हणून आंत माणूस आहे असं समजूं नको मा," खालच्या मजल्यावरच्या चंद्रिकामामी जिन्यात म्हणाल्या होत्या. "विद्यालक्ष्मी गेली त्या दिवशीं दारांत तिचं कोलम ताजं होतं. रांगोळीखालची फरशी ओली होती अजून. आंत ती थंड."

यामिनीने हसून नित्याला कडेवर सरकवलं. एरवी पोरीला शिंक आली तरी तिची झोप उडायची. हा इशारा मात्र तिने कानाआड केला. कारण तोवर समोरच्या मामांशी तिचा करार झाला होता.

चंद्रमौळीमामा मूळचे तंजावरकडचे मराठी, बँकेतून निवृत्त झालेले. बायको विद्यालक्ष्मीमामी गेल्यापासून यामिनी रोज सकाळी त्यांचं दार वाजवायची. नवरा कंपनीच्या बसने पहाटेच श्रीपेरुंबुदूरला गेलेला, पोर कडेवर, आणि मनात एकच: आज दार उघडलंच नाही तर?

शेवटी मामाच वैतागले. "रोज येऊन मी मेलों कीं काय बघतेस?"

"तसं नाही हो मामा. एकटे असता तुम्ही."

"एकटा म्हणून कोण सांगिटलं? ये, बैस."

टेबलावर कॉफीचे दोन पेले होते. एक रिकामा, दुसरा अर्धा.

"ती अर्धी पिऊन मला द्यायची. आतां दोन्ही मीच पितों. भांडण नाहीं."

ते खरंच मजेत होते. स्वतःपुरतं रसम करायचे, दुपारी रेडिओशी वाद घालायचे. वर्ष सरल्यावर विद्यालक्ष्मीमामींचा कोलमाच्या पिठाचा डबा काढून उंबऱ्याबाहेर ठिपके मांडायला शिकले. शेवटचं वळण मात्र रोज चुकायचं. रेघ ठिपक्यावर चढायची.

"बघ, हंसते ती," रिकाम्या खुर्चीकडे मान वळवून मामा म्हणाले. मांडीवरच्या नित्यानेही तिकडे बघत हात हलवला. यामिनीच्या अंगावर काटा आला, पण मामांच्या तोंडावरचं समाधान बघून तीही हसली.

"सकाळीं कोलम दिसलं कीं मी आहें," मामा म्हणाले. "दार बडवूं नको." हाच तो करार.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी दारात कोलम होतं. रेघा सुतात ओढल्यासारख्या, शेवटचं वळणही ठिपक्याला न शिवता वळलेलं. मामांचा हात बसला एकदाचा, असं मनात म्हणत यामिनी नित्याला बालवाडीत सोडायला निघाली. नित्या कोलमापाशी थबकली आणि कुणाला तरी वाट द्यावी तशी भिंतीला टेकून उभी राहिली.

यामिनी परत आली तेव्हा चंद्रिकामामी कोलमापाशी उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून.

"हा मौळीचा हात नव्हे," त्या हळूच म्हणाल्या.

यामिनीकडे मामांनी दिलेली किल्ली होती; तिने दार उघडलं. मामा आपल्या खुर्चीत बसले होते, डोळे मिटून, कुणाचं तरी बोलणं ऐकत असावेत तसे. अंग गार. रात्रीच गेले, डॉक्टरांनी सांगितलं. पिठाचा डबा फळीवर होता, झाकण घट्ट. मामांची बोटं स्वच्छ.

टेबलावर दोन पेले. एक रिकामा. दुसरा अर्धा, हाताला कोमट लागणारा.

यामिनी आता कोलमावर विसंबत नाही. तुमच्याही समोरच्या दाराआड कुणी एकटं, सुखाने राहत असेल. उद्या सकाळी दारातली रांगोळी बघून पुढे जाऊ नका. दार वाजवा. आणि आतून "ओ" येईल, तो आवाज कुणाचा तेही नीट ऐका.